विद्यार्थी-मार्गदर्शन, विद्यापीठीय
विद्यार्थी-मार्गदर्शन, विद्यापीठीय : पदवी-अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला विषयांची निवड, अध्ययनातील अडचणी, परीक्षांचे नियम व पुढील वाटचाल यांबाबत विद्यापीठाकडून किंवा महाविद्यालयाकडून मिळणारा पद्धतशीर सल्ला आणि त्याच्या जोडीने मिळणारे शैक्षणिक साहाय्य. वर्गातील अध्यापनाचा विषय ज्ञानशाखा हा असतो, तर मार्गदर्शनाचा विषय स्वतः विद्यार्थी हा असतो. हे काम मुळात अध्यापनाचाच एक भाग होते. त्याची स्वतंत्र गरज भासू लागली ती दोन कारणांनी : विद्यार्थ्याला मिळालेले विषयनिवडीचे स्वातंत्र्य आणि विद्यार्थिसंख्येतील वाढ. पहिले कारण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वांआधी व सर्वांत तीव्रतेने जाणवले. म्हणून या व्यवस्थेचा इतिहास बव्हंशी तेथील विद्यापीठांचा इतिहास आहे. भारतात शिकविणारी संस्था व परीक्षा घेणारी संस्था वेगवेगळ्या असल्यामुळे या प्रश्नाला निराळेच वळण मिळाले.

ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील निवासी महाविद्यालयांत विद्यार्थ्याची जबाबदारी ट्यूटरकडे असे. केंब्रिजमध्ये विषय शिकविणारा सुपरवायझर व विद्यार्थ्याच्या एकंदर हिताकडे पाहणारा ट्यूटर अशी विभागणीही रूढ झाली. अमेरिकेतील जुनी महाविद्यालये याच घडणीची होती. अध्यक्ष व मूठभर ट्यूटर हे विद्यार्थ्यांबरोबर राहत, त्यांना प्रार्थनेस नेत व शिस्तही लावीत. लॅटिन, ग्रीक, गणित व नीतिशास्त्र हा अभ्यासक्रम सर्वांना सारखाच असे. येल महाविद्यालयाच्या अध्यापकांनी १८२८ मधील अहवालात या ठराविक अभ्यासक्रमाचे जोरदार समर्थन केले. निवड करावयाचीच नसल्यामुळे निवडीबाबत सल्ला देण्याचाही प्रश्न नव्हता. तरीही विद्यार्थ्याला अध्यापकवर्गात आपले म्हणावे असे एक माणूस हवे, ही जाणीव तेव्हाही होती. ओहायओ राज्यातील केन्यन महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याने अध्यापकांपैकी एकाची सल्लागार म्हणून निवड करावी, असा नियम करण्यात आला होता. तेथील विद्यार्थी व पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला रदरफर्ड हेझ (१८२२–९३) याने १८४१ मध्ये आपल्या आईला लिहिलेल्या पत्रात या नियमाबद्दल समाधान व्यक्त केले आहे.

या स्थितीत मूलभूत बदल झाला तो हार्व्हर्ड विद्यापीठात. चार्ल्स विल्यम एलियट (१८३४–१९२६) हा १८६९ मध्ये हार्व्हर्डचा अध्यक्ष झाला व पुढील चाळीस वर्षे त्या पदावर राहिला. तरुणाने आपल्या कलानुसार विषय निवडावेत, निवडीची जबाबदारी हेच मोठे शिक्षण होय, अशी त्याची श्रद्धा होती. त्याच्या ऐच्छिक विषयपद्धतीमुळे सक्तीचे विषय क्रमाक्रमाने गळत गेले आणि १८९७ पर्यंत पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नाही. त्याच्या कारकीर्दीत विद्यार्थिसंख्या सु. १,००० वरून सु. ४,००० वर गेली. एलियटच्या सुधारणेमुळेच अमेरिकेतील महाविद्यालयांत विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास व अर्वाचीन भाषा यांना मानाचे स्थान मिळाले, हे नि:संशय. परंतु अठरा वर्षांच्या मुलापुढे शेकडो विषयांची सूची ठेवून निवड कर असे सांगणे आणि त्याला स्वातंत्र्य देणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे एलियटने काहीशा सहजतेने गृहीत धरले होते.

या स्वातंत्र्याची पूरक व्यवस्था अन्यत्र आधी निर्माण झाली. बॉल्टिमोर येथे १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, पहिला अध्यक्ष डॅन्येल कॉइट गिलमन (१८३१–१९०८) याच्या काळात, १८७७ मध्येच सल्लागार अध्यापकांची पद्धत सुरू झाली. तेथे सुटे विषय निवडण्याऐवजी परस्परसंबद्ध विषयांचे गट ठरवून दिलेले होते व गटाची निवड सल्लागाराच्या संमतीने करावयाची असे. हार्व्हर्डमध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार अध्यापकांचे मंडळ १८८९ मध्ये स्थापन झाले. अधिष्ठातापद तेथे १८७० पासूनच होते, पण ते मुख्यतः शिस्त व दप्तर यांसाठी होते. इंग्रजीचा प्राध्यापक लेबॅरन रसेल ब्रिग्ज (१८५५–१९३४) हा १८९१ मध्ये हार्व्हर्ड महाविद्यालयाचा अधिष्ठाता झाला, तेव्हा त्या पदाचा अर्थच पालटला. शिक्षा सुनावण्यासाठी बोलाविलेला विद्यार्थी त्याच्या खोलीतून आपली अडचण सांगून परत जाई. ‘विद्यार्थ्यांचा अधिष्ठाता’ ही अमेरिकन विद्यापीठांतील कल्पना पुष्कळशी त्याच्या उदाहरणावरून घडली. मुलींना प्रवेश देणाऱ्या विद्यापीठांत स्त्री-अधिष्ठाता नेमण्याचा प्रघात याच सुमारास पडला. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले, तेव्हा अ‍ॅलिस फ्रीमन पामर व मॅरियन टॅलबट यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. टॅलबट यांनी निवास, आरोग्य व अध्ययन यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी त्यात आणली.

तथापि हार्व्हर्डमधील सल्लागार-मंडळाचा प्रत्यक्ष परिणाम बेताचाच झाला. बहुतेक सल्लागारांची भूमिका विद्यार्थ्याने आणलेल्या विषयपत्रकावर सही करण्यापुरती उरली. १८९८ मध्ये ५५ टक्के विद्यार्थ्यांनी जवळजवळ केवळ प्राथमिक पातळीचेच विषय घेतले होते आणि सु. तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांच्या विषयांत कोणतेही मध्यवर्ती सूत्र नव्हते, असे आढळून आले. ब्रिग्जच्याच अध्यक्षतेखालील समितीने १९०३ मध्ये विद्यार्थी अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी अभ्यास करतात, असे दाखवून दिले. यावर दोन उपाय योजण्यात आले. वुड्रो विल्सन (१८५६–१९२४) याने १९०५ मध्ये प्रिन्स्टन येथे सु. ५० तरुण अध्यापक नेमून लहान गटांत वाचन व चर्चा करण्याची पद्धत सुरू केली. एलियटनंतर १९०९ मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉरेन्स लोएल (१८५६–१९४३) याने एका विषयाचे सखोल अध्ययन व इतर विषयांचा ठराविक विस्तार अशी चौकट आखून दिली आणि जोडीला ट्यूटर नेमले. निवड आखडती घेणे हाही मार्गदर्शनाचाच एक प्रकार आहे, हे लोएलच्या योजनेने मान्य केले. मुख्य विषय व पूरक विषय अशी जी मांडणी आज जगभर दिसते, तिचे एक मूळ येथे आहे.

असे उपाय श्रीमंत खाजगी विद्यापीठांना परवडणारे होते. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या राज्य विद्यापीठांत हजारो विद्यार्थी येऊ लागले. तेथे मार्गदर्शनाचे काम अध्यापकांच्या सद्भावनेवर सोपवून भागण्यासारखे नव्हते. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या निवडीसाठी वापरलेल्या मानसशास्त्रीय कसोट्यांचा आधार घेऊन विद्यापीठांत वेगळी कार्यालये निघाली. मिनेसोटा विद्यापीठात १९३२ मध्ये सुरू झालेल्या कसोटी-कार्यालयाचा प्रमुख एडमंड विल्यमसन (१९००–७९) याने समुपदेशनाला शास्त्रीय बैठक देण्याचा प्रयत्न केला. अमेरिकन शिक्षण परिषदेने १९३७ च्या निवेदनात विद्यार्थ्याचा विचार केवळ बौद्धिक अंगाने न करता संपूर्ण व्यक्ती म्हणून करावा, अशी भूमिका मांडली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४४ च्या माजी सैनिकविषयक कायद्याखाली सु. २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत दाखल झाले. ही प्रौढ, बहुधा विवाहित मंडळी थेट उपयोगाचा सल्ला मागत असत व त्यांच्यासाठी पगारी सल्लागारांची संख्या वाढवावी लागली. मार्गदर्शन हा व्यवसाय बनला तो येथून. त्याचबरोबर शिकविणारा व सल्ला देणारा यांची फारकतही झाली आणि ती पुढे कधीच पुरती भरून आली नाही.

न्यूयॉर्कचा प्रयोग : या विषयाच्या इतिहासात न्यूयॉर्क नगर विद्यापीठाला विशेष स्थान आहे. १८४७ मध्ये स्थापन झालेल्या तेथील मूळ महाविद्यालयात शिक्षण विनाशुल्क होते, मात्र प्रवेश गुणवत्तेच्या कडक कसोटीवर मिळे. त्यामुळे शहरातील कृष्णवर्णीय व प्वेर्त रीकन मुलांना ते दार जवळजवळ बंदच होते. १९६५ मध्ये तेथे एक छोटा कार्यक्रम सुरू झाला व पुढील वर्षी राज्याच्या कायद्याने त्याचा विस्तार ‘सीक’ या नावाने करण्यात आला. प्रवेशाची नेहमीची अट न लावता घेतलेल्या या विद्यार्थ्यांना निर्वाहवेतन, पूर्वतयारीचे वर्ग व स्वतंत्र समुपदेशक अशा तिन्ही गोष्टी एकत्र देण्यात आल्या. या तिहींपैकी एक काढून घेतली, तर उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात, ही त्यामागील समज होती. १९६९ च्या विद्यार्थी-आंदोलनानंतर विद्यापीठाने शहरातील माध्यमिक शाळा उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकास प्रवेशाची हमी दिली. १९७० मध्ये नव्या विद्यार्थ्यांची संख्या सु. २०,००० वरून सु. ३५,००० वर गेली. वर्ग भाड्याच्या जागांत भरू लागले आणि सल्लागार नव्याने नेमावे लागले. परंतु लहान गटासाठी आखलेली व्यवस्था एवढ्या समुदायाला पुरविता आली नाही. शहराच्या आर्थिक अरिष्टात १९७६ मध्ये सर्वांना शुल्क लागू झाले. मुक्त प्रवेशाने दर्जा घसरला, असा आक्षेप पुढे अनेक वर्षे घेण्यात आला; त्याच्या लाभार्थींत मात्र अन्यथा पदवीपर्यंत न पोहोचणारे हजारो पदवीधर होते.

त्याच विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या द्विवर्षीय महाविद्यालयांत ‘असॅप’ हा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ अध्ययन, शुल्कातील तूट भरून देणे, पाठ्यपुस्तकांचे साहाय्य, बस व भुयारी रेल्वेचा पास आणि सल्लागाराशी वारंवार सक्तीची भेट ही त्याची अंगे होत. तीन महाविद्यालयांतील ८९६ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून त्याचे मूल्यमापन करण्यात आले. तीन वर्षांनंतर या कार्यक्रमातील ४० टक्के, तर इतरांपैकी २२ टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे २०१५ च्या अहवालात नमूद आहे. असॅपच्या एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी होते. नेहमीच्या व्यवस्थेत हेच प्रमाण एकास ६०० ते १,५०० एवढे होते. या क्षेत्रातील सिद्धांतचर्चा विपुल असली, तरी तिच्यापेक्षा हे आकडे अधिक बोलके आहेत.

सिद्धांताच्या बाजूने १९७२ हे वर्ष महत्त्वाचे मानतात. त्या वर्षी बर्न्स क्रुकस्टन व टेरी ओबॅनियन यांनी स्वतंत्र लेखांतून सल्ला देणे हे अध्यापनच होय, असे प्रतिपादन केले. सल्लागारांची राष्ट्रीय संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. साहाय्याच्या पद्धतींपैकी मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्झस सिटी येथील शाखेत १९७३ मध्ये डिअ‍ॅना मार्टिन यांनी सुरू केलेली पूरक अध्यापनाची पद्धत उल्लेखनीय आहे. तीत ‘कच्चे विद्यार्थी’ न निवडता ज्या विषयांत पुष्कळजण नापास होतात ते ‘अवघड विषय’ निवडले जातात आणि तो विषय आधी चांगल्या रीतीने उत्तीर्ण झालेला विद्यार्थी सर्वांसाठी खुले अभ्यासवर्ग घेतो. मदत घेण्यातील कमीपणा त्यामुळे पुष्कळ अंशी नाहीसा झाला.

अलीकडे संगणकाच्या साहाय्याने विद्यार्थ्याच्या अडचणीचा आगाऊ अंदाज घेण्यात येतो. अटलांटा येथील जॉर्जिया राज्य विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याबाबत ८०० हून अधिक बाबींवर रोज लक्ष ठेवण्याची पद्धत अवलंबिली. तेथील पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २००३ मधील ३२ टक्क्यांवरून पुढील काळात ५० टक्क्यांच्या वर गेले. याचे श्रेय बहुधा यंत्राला दिले जाते. परंतु त्याच वेळी ४२ नवे सल्लागार नेमण्यात आले होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. हीच पद्धत ११ विद्यापीठांत सु. १०,००० विद्यार्थ्यांवर पारखून पाहिली असता एकत्रित परिणाम लक्षणीय आढळला नाही, जॉर्जियात मात्र तो आढळला.

भारत : मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे व पदवी देणे एवढेच त्यांचे काम होते. मुंबई विद्यापीठाचा विद्यार्थी एल्फिन्स्टन, डेक्कन (मूळ पुणे महाविद्यालय) यांसारख्या संलग्न महाविद्यालयात शिके आणि त्याने सत्रे भरल्याचा प्राचार्यांचा दाखला जोडून परीक्षेस बसे. विद्यापीठाच्या दृष्टीने विद्यार्थी म्हणजे एक परीक्षा-क्रमांक होता. त्याला ओळखण्याचे काम महाविद्यालयाचे होते आणि महाविद्यालये लहान असेतोवर ते बरे चालले. १८६२ मध्ये मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झालेले महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. स्वतःचे अध्ययन चालू असता खालच्या वर्गांना शिकविणे हे या फेलोंचे कर्तव्य असे. म्हणजे वरच्या विद्यार्थ्याने खालच्यास हात देण्याची एक व्यवस्था मुंबई इलाख्यात प्रारंभापासून होती, असे म्हणता येईल. अलेक्झांडर ग्रँट, विल्यम वर्ड्‌स्वर्थ व फ्रान्सिस सेल्बी यांसारख्या प्राचार्यांच्या व्यक्तिगत प्रभावाच्या आठवणी त्या पिढीने आदराने जपल्या. तथापि हा व्यक्तींचा प्रभाव होता, पद्धतीचा नव्हे. विषय ठरलेले, पुस्तके नेमलेली आणि परीक्षा बाहेरची असल्यामुळे विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न ‘काय निवडू ?’ असा नसून ‘कसा उत्तीर्ण होऊ ?’ असा होता. त्याचे उत्तर कालांतराने खाजगी शिकवण्या, गाइडे व अपेक्षित प्रश्नसंच यांनी दिले.

कलकत्ता विद्यापीठ आयोगाने (१९१७–१९) या उणिवेवर बोट ठेवले. मायकेल सॅड्लर याच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला कलकत्ता विद्यापीठात सु. २६,००० विद्यार्थी आढळले. ही संख्या ब्रिटनमधील सर्व विद्यापीठांतील विद्यार्थ्यांच्या जवळपास होती. आयोगाने ट्यूटोरियल वर्ग व विद्यार्थिकल्याण मंडळ यांची शिफारस केली. राधाकृष्णन आयोगाने (१९४८–४९) ट्यूटोरियलांचा पुन्हा आग्रह धरला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) तर दर १,००० विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, असे प्रमाणच घालून दिले. हे प्रमाण मुळातच अपुरे होते आणि तेही बहुतेक ठिकाणी अमलात आले नाही. विद्यापीठांत निघालेल्या विद्यार्थिकल्याण विभागांचा भर युवक महोत्सव, शिबिरे व स्पर्धा यांवर राहिला.

महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने विद्यार्थ्याला हात दिला तो वसतिगृहांनी. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढण्यास प्रोत्साहन दिले. त्यामुळे खेड्यांतील मुलांना राजाराम महाविद्यालयापर्यंत पोहोचता आले. कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी सातारा येथे १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले. तेथे श्रम करून शिकण्याची सोय होती व ‘कमवा आणि शिका’ ही योजना पुढे विद्यापीठांनीही स्वीकारली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी व १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय स्थापन केले; सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांनाही तेथे शिकता आले. पुण्यातील विद्यार्थी साहाय्यक समिती (स्थापना १९५५) ग्रामीण भागातून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांची राहण्या-जेवण्याची सोय करते. नादारी, खानावळ व झोपण्यापुरती जागा यांची विवंचना मिटल्याशिवाय विषयनिवडीचा सल्ला निरर्थक ठरतो, हे या संस्थापकांनी न्यूयॉर्कच्या प्रयोगाच्या पुष्कळ आधी ओळखले होते. वसतिगृहाचा अधीक्षक हाच बहुधा त्या मुलाचा सल्लागारही असे. विद्यापीठीय शिक्षणाच्या इतिहासात मात्र या अधीक्षकांची नोंद क्वचितच घेतली गेली आहे.

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने महाविद्यालयांच्या मूल्यांकनात मार्गदर्शक अध्यापक व विद्यार्थी यांचे प्रमाण हा निकष समाविष्ट केला. परिणामी महाविद्यालयांत वर्गातील नावे अध्यापकांमध्ये वाटून देण्याची पद्धत पडली. कित्येक ठिकाणी ती नोंदवहीपुरतीच राहिली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. एखाद-दोन विषय राहिले असता ‘एटीकेटी’च्या सवलतीने वरच्या वर्गात गेलेल्या विद्यार्थ्याची गाठ मात्र प्रथम पडते ती परीक्षा विभागाच्या खिडकीशी.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी-अभ्यासक्रमांची पुनर्रचना झाल्यानंतर हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला आहे. मुख्य विषय, गौण विषय, खुले ऐच्छिक विषय व कौशल्यविषयक अभ्यासक्रम यांतून विद्यार्थ्याने तीन वर्षांत १२० ते १३२ किंवा चार वर्षांत १६० ते १७६ श्रेयांक मिळवावयाचे असतात आणि पहिल्या वा दुसऱ्या वर्षानंतर प्रमाणपत्र वा पदविका घेऊन बाहेर पडण्याचीही मुभा आहे. ऐच्छिक विषयपद्धती अशा रीतीने हार्व्हर्डनंतर सु. दीड शतकाने येथे अवतरली. फरक एवढाच की, ती एका विद्यापीठाच्या आवारात नसून शेकडो संलग्न महाविद्यालयांत एकाच वेळी लागू झाली. मुंबई विद्यापीठाशी अशी आठशेहून अधिक महाविद्यालये निगडित आहेत. मोठ्या शहरी महाविद्यालयात खुल्या विषयांची यादी लांब असते, तर तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध अध्यापक पाहून दोन-तीन विषय ठेवले जातात व निवड नावापुरती उरते. दोन्ही ठिकाणी प्रवेशाच्या आठवड्यात विद्यार्थी बहुधा मित्रांना किंवा प्रवेश-अर्ज भरून देणाऱ्या संगणक-केंद्रचालकाला विचारून विषय ठरवितात.